पिंपरखेडचं टोकन

मुकुंदरावांनी पितळी चकती चिंचेनं घासून लखलखीत केली आणि परत भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, तेवढ्यात बेल वाजली. दारात साठीची बाई उभी होती. काखेत जुन्या लुगड्याचं गाठोडं.

"मी जयवंता. नामदेव ड्रायव्हरची लेक. अफझलगंजहून आले."

मुकुंदरावांनी तिला आत घेतलं. बंद पडलेल्या पिंपरखेड-वडझरी नॅरोगेजचा इतिहास त्यांनी कालच भीतभीत छापखान्यात दिला होता. त्यात नामदेवचा जीव घेणारी ती टक्कर होती. त्या एकेरी मार्गाला टोकन, म्हणजे पितळी चकती, एकच. ते हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही. टोकन वडझरीहून येणाऱ्या मालगाडीकडे होतं, नामदेव ते न घेताच पिंपरखेडहून सुटला, असं तिथल्या स्टेशनमास्तरांनी चौकशीत सांगितलं होतं. स्टेशनमास्तर म्हणजे मुकुंदरावांचे वडील. लाइन बंद झाल्यावर मालगाडीतलं ते टोकन त्यांनी सिकंदराबादला घरी आणलं; तेच आता भिंतीवर होतं. हयात असेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

जयवंता चकती टांगलेल्या भिंतीकडे पाठ करून बसली.

"बापाला अजून 'बिनटोकनाचा' म्हणतात, काका. सोयरिकी मोडल्या त्याच्यापायी. आता तुम्ही छापून पक्कं करणार, छापखान्यात कळलं."

"मी आपलं... चौकशीत जे आलं, तेच..."

"हौ, ते ऐकलं. आता हे बघा."

तिनं गाठोडं सोडलं. आत काळी पडलेली पितळी चकती. तिच्यावर कोरलेलं: पिंपरखेड-वडझरी.

"बापाच्या मुठीत होतं. रेल्वेचा माल चोरला म्हणतील, म्हणून आईनं चुलीखाली पुरलं. आई गेली, घर पाडलं, तेव्हा निघालं."

मुकुंदरावांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. सगळी सरळ, खोल. भिंतीवरच्या चकतीत 'वडझरी'तला 'ड' तिरका होता. घासून घासून तसा झाला असेल, असं ते आजवर समजत आले होते.

"टोकन एकच असतंय ना, काका?"

"रेल्वे एकच देते," ते कसेबसे म्हणाले.

ऊन कलतं झालं होतं. खिडकीतून आलेली तिरीप भिंतीवरच्या पितळेवर पडली आणि जयवंताच्या समोर एक गोल कवडसा उमटला. मुकुंदराव उठले. त्यांनी पडद्याला हात घातला. अर्धा ओढला. मग हात खाली घेतला.

कवडसा तसाच होता. तो कुठून येतोय ते पाहायला जयवंता सावकाश मागे वळली.