रिव्हर्सची कडी

गाडीच्या गिअरला कंपनीने एक मूठ दिलेली असताना दुसरी कशाला हवी, असं मी विचारलं आणि उगाच विचारलं. आमच्या ह्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. समोर कोणी दिसलं की ह्यांचा तास सुरू. म्हणे, कंपनीची मूठ गुळगुळीत, हातातून निसटते. वजनदार मूठ लावली की गिअर कसा अलगद पडतो.

खरं कारण मला ठाऊक होतं. शिडीवरून पडल्यापासून ह्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण बोटं काही डॉक्टरांचं ऐकत नाहीत. आमच्या गाडीत रिव्हर्स टाकायचा तर मुठीखालची कडी दोन बोटांनी वर ओढून धरावी लागते. तिथे घोडं कधीमधी अडत असणार, असा माझा अंदाज होता.

लेकीने स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, जमत नसेल तर गाडी मी घेऊन जाते. कुठे आपटून ठेवाल." ह्यांनीही तावातावाने शब्द देऊन टाकला: मूठ बदलून बघतो, नाहीच जमलं तर रविवारी किल्ली तुझ्या हातात. गाडी गेली की हा माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघत बसणार, हे मला आत्ताच दिसत होतं. 

गाडीच्या सामानाचं दुकान मीच शोधलं, शेजारणीला विचारून. हे मात्र दारापासूनच पाय ओढत होते. "दुसरीकडे जाऊ की," एवढंच चाललेलं. मी दाद दिली नाही. आत छताला सीटकव्हरं टांगलेली आणि नव्या रबरी मॅटचा उग्र वास. काउंटरवर एका फळीवर गाडीतल्यासारखेच सगळे गिअर पडणारा दांडा उभा केला होता, कडीसकट. गिऱ्हाइकाने हवी ती मूठ त्यावर फिरवून बसवायची आणि हाताला कशी वाटते ते बघायचं.

दुकानदाराने आधी स्टीलची भरीव मूठ काढली. हे खूश.

"उन्हात गाडी उभी केली की तवा होईल तिचा," मी म्हटलं.

मग चामड्याची आली, तिची शिवण ह्यांना टोचली. लाकडी गोल होती, ती हातात मावेना. एक तर चक्क कवटी होती. "एवढ्यात नको," मी म्हटलं, "अजून वेळ आहे."

ह्यांनी पुन्हा स्टीलचीच बसवायला लावली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे गिअर तळव्याने ढकलून नीट पडले. रिव्हर्सची वेळ आली आणि कडी जागची हलेना. ह्यांच्या कपाळावर घाम आला. तरी हट्टाने ओढताहेत आपले.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "काका, मघापासून आठवतोय मी. मागच्या बोळात अडकला होतात ते तुम्हीच ना? बोळ पुढे बंद आहे, माहीत नव्हतं तुम्हाला. आम्ही चौघांनी ढकलत ढकलत गाडी मागे आणली होती!"

बिचारा कौतुकानेच सांगत होता. ह्यांनी मान खाली घातली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाजाराला गेलं की गाडी लांब कुठेतरी उभी करायची आणि मला पिशव्या घेऊन तंगडतोड करायला लावायची, ती ह्यासाठी! जिथून सरळ पुढे निघता येईल, तिथेच हे थांबत होते. भूगोलाच्या मास्तरांनी अख्ख्या गावाचा रिव्हर्सशिवायचा नकाशा डोक्यात बसवला होता. हसू यायला हवं होतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"चार परक्या माणसांना सांगितलंत," मी म्हटलं. "मी शेजारच्या सीटवर बसते हो! मला एकदा म्हणायला काय झालं होतं?"

"ते पुन्हा भेटतील असं वाटलं नव्हतं," दुकानदाराकडे चोरून बघत हे पुटपुटले. "तुझ्यासमोर रोज बसायचंय."

मला भरून आलं. रागही गेला नव्हता. मी पुढे झाले. ह्यांचा तळवा मुठीवर होताच. मी खाली दोन बोटं घातली आणि कडी वर ओढली.

"ढकला."

खट्कन रिव्हर्स पडला. माझी बोटं मात्र चेंगरली.

"ही नको," मी दुकानदाराला सांगितलं. "वर पसरट आणि खाली बारीक, अशी दाखवा. आम्हा दोघांचे हात मावले पाहिजेत."

त्याने तीन खोकी उपसली तेव्हा कुठे एक काळी, उंच मानेची मूठ सापडली. हे ती तळव्याखाली फिरवून बघत होते.

"म्हणजे आता मागे यायचं तर दर वेळी तुला बरोबर घ्यायचं?"

"घ्या. नाही तर रविवारी किल्ली देऊन मोकळे व्हा."

"आणि तू नसशील तेव्हा?"

"तेव्हा पुढेच जा. छान जमतंय की तुम्हाला."

दुकानदार खाली बघून हसला. हे म्हणाले, "बसवा ही."

आमच्या इमारतीखाली दोन गाड्यांच्या मधली एक जागा आहे. तिथे गाडी मागे घेऊनच लावावी लागते. कित्येक दिवसांत ह्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज बरोबर तिच्यापुढे नेऊन थांबवली. जिन्यापाशी शेजारी गप्पा मारत उभे होते आणि आमच्या काचा उघड्या होत्या. मला वाटलं, आता पुढे नेतील. पण हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उचल गं कडी."

मी उचलली, पण ह्यांनी उशिरा ढकललं. "अहो, आधी क्लच!" "अगं, सोडलीस का?" शेजारी हसायला लागले. हेही हसले. दुसऱ्या खेपेला रिव्हर्स पडला.

वर आल्यावर चपला काढायच्या आधी ह्यांनी लेकीला फोन लावला. "रविवारी जेवायला ये. येताना बसने ये. परत सोडायला आम्ही दोघं येतो."