मला न कळलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना फायबर मोडेम आहे. तळहाताएवढा पांढरा डबा, पुढे चार दिवे. माझं सारं आयुष्य एका छोट्या दवाखान्याच्या भिंतीवर गेलं. केसाएवढ्या काचेच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंजचा प्रकाश इंटरनेट घेऊन माझ्यापर्यंत यायचा.

तिथे मोबाइलवर कसंबसं बोलणं व्हायचं, चित्र जायचं नाही. म्हणून नर्सताई रुग्णाच्या हृदयाचा आलेख माझ्यामार्फत दूरच्या डॉक्टरांना पाठवत. सहा वर्षं मी दगा दिला नाही. ताई जाता-येता पदराने माझी धूळ पुसत.

एका सकाळी एक्स्चेंजमध्ये दुसऱ्या कंपनीचं नवं यंत्र बसलं. प्रकाश आला, पण त्यातली हाक मला कळेना. मी माझी ओळख सांगितली, ती त्याला पटेना. माझा लाल दिवा लागला.

नेमके तेव्हाच शाळेचे माळीकाका छाती धरून आले. सोबत त्यांची लेक. आलेख पाहिल्याशिवाय डॉक्टर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला सांगणार नव्हते. ताईंनी एक्स्चेंजला फोन लावला.

"दोन्ही यंत्रं नियमानुसारच आहेत," तिथले साहेब म्हणाले. "तुमचा डबाच जुना झालाय."

"नियमाचं राहू द्या हो! माझ्यासमोर माणूस घामाघूम झालाय!"

फोनवरचा तो आवाज तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी ऐकला. साहेबांना न विचारता त्यांनी आमची तार तिथेच असलेल्या जुन्या यंत्राला परत जोडली. तोवर चाळीस मिनिटं गेली होती.

आलेख गेला, इंजेक्शन मिळालं, काका वाचले. पण उशिरामुळे हृदय कमजोर झालं, हातात पुन्हा फावडं आलं नाही.

दोन दिवसांनी त्या तंत्रज्ञ बाई दवाखान्यात आल्या. लेकीने शांतपणे विचारलं, "बसवायच्या आधी हे तपासता आलं नसतं का?"

"आलं असतं," बाई म्हणाल्या.

नियमपुस्तकातल्या एकाच ओळीचे दोन कंपन्यांनी दोन अर्थ लावले होते, हे बाईंनी शोधून काढलं. मग त्यांनी भांडून एक चाचणीची खोली मिळवली. दवाखान्याला नवा मोडेम देऊन मला तिथे आणलं. आता निरनिराळ्या कंपन्यांचे आम्ही वीस डबे एका टेबलावर असतो. आमच्यातल्या प्रत्येकाशी बोलणं जमल्याशिवाय कुठलंच नवं यंत्र एक्स्चेंजमध्ये जात नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी यंत्रं बनवेल. ती नवी बनवा, वेगवान बनवा. पण दुसऱ्याने बनवलेल्या यंत्राला त्यांचं बोलणं कळतं का, ते आधी बघा. त्या दोन यंत्रांच्या मध्ये कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतं.