दाभणाच्या मापाचा खिसा

"पिशवीत काय आहे?"

"हत्यारं."

सोफाताईने हे इतक्या सहज सांगितलं, की पोलीस ठाण्याच्या दारात एकदम शांतता पसरली. झडती घेणारी पोलीसबाई दोन पावलं मागे सरकली. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली काठी जवळ ओढली. आत टाइप करणाऱ्याची बोटं हवेतच राहिली.

"कसली हत्यारं?"

"आमची, कामाची. हातोडी, कात्री, पक्कड, खिळे उपटायचा चिमटा. काम संपवून सरळ इकडेच आले ना."

पोलीसबाईने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "अहो, मग अवजारं म्हणा की! इथे येऊन हत्यारं म्हणताय, माझा जीव गेला असता."

"आमच्यात हत्यारंच म्हणतात," सोफाताई ओशाळून म्हणाली.

आणि ते खरं होतं. तिचे वडील हत्यारंच म्हणायचे, आजोबाही. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या त्या घरात अवजार हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात होता. वडिलांच्या मागे तिने दुकान चालवलं, तेव्हापासून अख्ख्या बाजाराची ती सोफाताई झाली. धाकट्या बहिणीची मुलं तर तिला सरळ सोफामावशी म्हणत. तिचं खरं नाव घेऊन कुणी हाक मारली असती, तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं.

पिशवी बाजूला ठेवून ती दारातल्या धातू हेरणाऱ्या चौकटीतून पलीकडे गेली आणि चौकट तरीही किंचाळली.

"अजून काय राहिलंय?"

"काही नाही हो."

पोलीसबाईने हातातला दांडा तिच्या अंगावरून फिरवला. डाव्या काखेखाली तो कोकलला. कोट उघडला, अस्तर चाचपलं, आणि अस्तराच्या आतून शिवलेल्या दोन बोटं रुंद खिशातून तिने वीतभर लांबीचं दाभण बाहेर काढलं. टोकाला बूच लावलेलं होतं.

ते तिथे आहे हे सोफाताई खरोखरच विसरली होती. इतके महिने ते तिथेच असायचं, कोटाच्या बटणासारखं.

"हे पिशवीत का नाही?"

इथे तिने काहीतरी दुसरं सांगायला हवं होतं. पण घरून निघताना तिने पाठ केली होती ती तक्रार, दाभणाबद्दल काही ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "हाताशी असावं म्हणून. लागलं तर."

साहेबांच्या खोलीत तिला बसायला दिलेली खुर्ची फाटकी होती. बैठकीच्या शिवणीतून फोम बाहेर आला होता. एरवी तिने आधी खुर्ची उलटी करून पाहिली असती. आता ती नुसती बसली, आणि तिचा पाय आपोआप हलायला लागला.

साहेब वयस्क होते, चष्मा कपाळावर, समोर गार झालेला चहा. दाभण टेबलावर होतं. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "आधी तुमचं काम सांगा. कशासाठी आलात?"

सोफाताईने सांगायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकाकडे ती आरामखुर्ची शिवायला गेली होती. एकटाच राहणारा माणूस, चांगल्या कपड्यातला, हळू बोलणारा. ती काम करत होती तोवर तो समोर बसून तिच्या हातांकडे बघत राहिला. जाताना म्हणाला, तुमचे हात फार छान आहेत. तिने कामावर वर्षभराची हमी दिली होती, ती सगळ्यांनाच देते. पंधरवड्यात त्याचा निरोप आला, बैठक फाटली.

"मी गेले. तर शिवण उसवलेली नव्हती साहेब. ब्लेडने कापलेलं होतं, सरळ. उसवलेलं आणि कापलेलं मला कळत नाही का?"

"मग?"

"मग शिवून दिलं. हमी होती ना. पुन्हा निरोप. पुन्हा कापलेलं. तिसऱ्यांदा मी गेले नाही. तेव्हापासून दुकानासमोर उभा राहतो. मी निघाले की मागे. माझ्या जिन्यापर्यंत येतो आणि परत जातो."

"काही बोलतो? हात लावला? धमकी?"

"नाही."

"काहीच नाही?"

"उभा राहतो," सोफाताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच ते इतकं पोकळ वाटलं की रडू यायला लागलं. तिने खाली हात नेऊन फोमचा तुकडा शिवणीत आत ढकलला. तो पुन्हा बाहेर आला.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. माणूस वाईट नव्हता, हे त्यांच्या उसाशावरून कळत होतं. "बाई, त्याची खुर्ची त्याने कापली, तर गुन्हा कुठला? रस्त्यावर उभं राहायला बंदी नाही." मग पेनाने दाभण जरासं पुढे सरकवत ते म्हणाले, "हे मात्र आता माझ्या टेबलावर आलंय."

"ते दाभण आहे साहेब. गादी शिवायचं. माझ्या वडिलांचं."

"ते दिसतंय मला. विकायला बंदी नाही, घरात ठेवायला नाही, कामावर न्यायलाही नाही. पण बचावासाठी म्हणून अंगावर बाळगलंत, की ते हत्यार. तुमच्या भाषेतलं नाही, कायद्याच्या भाषेतलं. चाकू तसाच, साखळी तशीच."

"आणि फवारा? बहिणीने आणून दिला होता, तिखटाचा."

"तोही आमच्या हद्दीत चालत नाही. आहे का जवळ?"

"नाही, तो स्वयंपाकघरात फुटला. दोन दिवस घरात सगळे रडत होते."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी चहाच्या कपात लपवलं.

"मग चालतं काय?"

"शिट्टी," साहेब म्हणाले. आणि ते थट्टा करत नव्हते.

त्यांनी तिचा कोट मागून घेतला. अस्तरातला खिसा उलटसुलट करून पाहिला. टाका बारीक होता, एकसारखा, दुहेरी दोऱ्याचा. आत दाभणाचं टोक टोचू नये म्हणून खाली चामड्याची पट्टी होती. "झकास शिवलाय," ते म्हणाले, "आणि तीच पंचाईत आहे. चुकून खिशात राहिलं म्हणावं तर खिसाच दाभणाच्या मापाचा आहे."

जन्मात पहिल्यांदा सोफाताईला वाटलं, आपण थोडं वाईट काम करायला हवं होतं.

"ऐका," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "मी खिसा पाहिला नाही. तुम्ही लिहून द्या, कामाचं अवजार घाईत कोटात राहिलं. सही करा, दाभण घ्या, घरी जा."

"आणि माझी तक्रार?"

"ती मग कशी घेऊ? तक्रारीत लिहिणार मी घाबरले, आणि दुसरीकडे लिहिणार खिशात दाभण चुकून राहिलं. दोन्ही कागद एकाच टेबलावर येणार ना बाई. ज्याला भीती वाटते, त्याच्या खिशात असलेलं चुकून नसतं."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर तुमच्यावर केस. तुरुंग वगैरे नाही, दंडावर सुटाल. पण नाव राहील रेकॉर्डला."

सोफाताईचा हलणारा पाय थांबला. नाव राहून चालणार नव्हतं. नव्या हॉस्पिटलच्या सगळ्या खुर्च्यांचं काम तिला मिळत आलं होतं, आणि त्यासाठी पोलिसांचा स्वच्छ दाखला मागितला होता. वडिलांना जन्मभर असं काम मिळालं नव्हतं. हे सगळं साहेबांना सांगून ती म्हणाली, "बहिणीला फोन करू का?"

फोन करायला ती बाहेरच्या वऱ्हांड्यात आली. पोलीसबाई तिच्या मागोमाग येऊन भिंतीला टेकली. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा आवाज चढला. "ताई, तू वेडी आहेस का? म्हण ना चुकून राहिलं! लागलं तर म्हणून कशाला सांगायला गेलीस? सही कर आणि ये घरी."

"पण मग तो?"

"त्याचं बघू नंतर. मी येत जाईन तुला घ्यायला."

"तुझी मुलं कोण बघणार?"

"अगं, हॉस्पिटलचं काम जाईल!"

वऱ्हांड्याच्या जाळीतून समोरचा रस्ता दिसत होता. पलीकडे बंद दुकानाच्या पायरीपाशी एक माणूस पेपर वाचत उभा होता. इस्त्रीचा सदरा, नीट भांग. दुकानातून इथे येताना तिने एकदाही मागे पाहिलं नव्हतं, आज पोलिसांकडेच चाललोय या धीरावर.

"ताई? ऐकतेस ना?"

तिने फोन ठेवला आणि पोलीसबाईला म्हणाली, "तो."

"कुठला? तो पेपरवाला?"

"तोच. इथंवर आलाय."

पोलीसबाई जाळीपाशी आली. त्या माणसाने पेपराची घडी घातली, दोघींकडे पाहिलं आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी अदबीने मान लववली. मग पुन्हा पेपर उघडला.

पोलीसबाईने त्याला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "माझ्या भावजयीच्या मागे होता असा एक." पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि सोफाताईने विचारलं नाही.

खोलीत परतल्यावर सोफाताई बसली नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"साहेब, खरं लिहिलं, तर बाळगलं कशाला हेही लिहायला लागेल ना?"

"लागेल."

"कुणाच्या भीतीने, तेही?"

साहेबांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "लागेल," ते सावकाश म्हणाले. "त्याला बोलावून विचारावंही लागेल. पण बाई, ही तक्रार नव्हे. यात आरोपी तुम्ही."

"असू दे. त्याचं नाव तर येतंय."

"विचार करा. दाखला मिळणार नाही तुम्हाला."

"केला. किती महिने तेवढंच करतेय, विचार. शिवताना करते, जेवताना करते, जिन्यात किल्ली शोधताना करते. आता तुम्ही लिहा. हत्यार आहे ते."

मग तिने सांगितलं आणि साहेबांनी लिहिलं. त्याचं नाव, इमारत, मजला. दोनदा कापलेली बैठक. ब्लेडची चीर किती सरळ होती ते तिने हाताने दाखवलं, आणि साहेबांनी तेही शब्दांत बसवलं. आताच्या आता तो समोर उभा आहे, हे सांगायला पोलीसबाई आपण होऊन पुढे आली. तक्रारीत ज्याला जागा नव्हती, ते सगळं आरोपात व्यवस्थित मावलं.

शेवटी पोलीसबाईने एक पाकीट आणलं. दाभण त्यात टाकण्याआधी सोफाताईने एकदा हातात मागितलं. नियमात बसत नसावं, पण साहेब खिडकीबाहेर बघत बसले. वडिलांच्या अंगठ्याने दाभणाला मधोमध किंचित बाक आला होता. तिचा अंगठा तिथे बरोबर बसायचा. तिने बूच घट्ट केलं आणि दाभण परत दिलं.

"वस्तूचं नाव?" पोलीसबाईने विचारलं.

"हत्यार," सोफाताईच म्हणाली. वडिलांनी शिकवलेला शब्द तो. असा कामाला येईल हे त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं.

निघताना पोलीसबाईने आपल्या किल्ल्यांच्या कडीतून पत्र्याची एक छोटी, अरुंद शिट्टी सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली. "ही चालते," ती म्हणाली. मग तिला ओलांडून पायऱ्यांवर गेली आणि रस्त्यापलीकडे खणखणीत हाक मारली, "ओ पेपरवाले! इकडे या. साहेबांनी बोलावलंय."

"मला? मी काय केलं?"

"काही नाही. उभे होतात ना? आत येऊन उभे राहा."

तो रस्ता ओलांडून आला. सोफाताईच्या अगदी जवळून, नजर खाली घालून आत गेला. ती बाजूला झाली नाही. वळसा त्यानेच घातला.

घरापर्यंतचा रस्ता तिने किती दिवसांनी एकटीने चालून काढला. ऊन अजून भिंतींवर होतं. मागे पावलं नव्हती, तरी प्रत्येक कोपऱ्यावर तिची मान वळायचीच. रस्ता मोकळा असे. आता हॉस्पिटल नाही. बहीण दारातच बडबडणार, मग रडणार, मग चहा टाकणार. उद्या दुकानातली अर्धी शिवलेली गादी कशाने पुरी करायची, हाही प्रश्न होताच. नवं दाभण मिळेल. त्याला बाक यायला एक जन्म जाईल.

जिन्याशी आल्यावर मागे एक दार आपटलं. कुणाचं तरी, उगीचच. तिचा हात सवयीने कोटात गेला, डाव्या काखेखाली, अस्तरातल्या खिशात. शिट्टी तिने तिथेच टाकली होती.

पण तो खिसा दाभणाच्या मापाचा होता. शिट्टी पार तळाशी, चामड्याच्या पट्टीवर जाऊन बसली होती. सोफाताईने दोन बोटं घातली, ताणली, कोट वर उचलून झटकला. कापडाबाहेरून ती हाताला लागत होती, आतून बोटं पोचत नव्हती. खिसा उसवल्याशिवाय ती निघणार नव्हती, आणि टाका दुहेरी होता.

ती तशीच, एक हात खिशात घालून, जिना चढायला लागली.