गांभीर्य : किरकोळ

“बटन. बटन. बटन,” संगणक एकसुरात म्हणाला.

“ऐकलंस?” बाबा हसले. “दवाखान्याची वेबसाइट आहे. तीन बटनं, एकालाही नाव नाही. एक दाबलं तर डॉक्टर, दुसरं दाबलं तर थेट शवागार.”

“काहीतरीच तुमचं, बाबा.” मुलगी दारातच उभी होती, पायात चपला तशाच.

बाबा पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासत. चाळिशीत डोळे गेले, तेव्हा ती सात वर्षांची होती. डोळे गेले, चुका काढायची खोड गेली नाही. आता ते वेबसाइट तपासत : न दिसणाऱ्या माणसाला ती वापरता येते की नाही. पडद्यावरचं सगळं संगणक त्यांना वाचून दाखवी. कामाला बसण्याआधी ते माऊस पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावत. “उंदीर पिंजऱ्यात. आता बघू घर कसं बांधलंय ते.” मग प्रत्येक चुकीपुढे तीन नोंदी : दोष काय, अडतं कोणाचं, गांभीर्य किती.

“तू पाठवलेल्या फोटोत काय आहे गं?” त्यांनी विचारलं. “महिना झाला. हा गडी नुसता ‘चित्र, वर्णन नाही’ म्हणतो.”

“जुना आहे. आपल्या दोघांचा. सांगते सावकाश, आत्ता उशीर होतोय.”

“सांग, पण थोडक्यात. वर्णन एका श्वासात मावलं पाहिजे.”

उशीर होत नव्हता. याआधी दोनदा तिने सांगायला तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा ती मध्येच चहा टाकायला उठली होती. मग टाळायची सवयच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा झोपेतच गेले होते.

पंधरा दिवसांनी दवाखान्याने अहवाल मागितला, म्हणून ती बाबांच्या खुर्चीत बसली. संगणक बोलू लागला तो इतका भरभर, की तिला एक अक्षर कळेना. बाबांचे कान या वेगाने पळत, हे तिला माहीतच नव्हतं. तिने वेग निम्म्यावर आणला, मग आणखी कमी केला. दोषांची यादी सावकाश वाचली जाऊ लागली. पहिले सोळा दवाखान्याचे होते.

“दोष सतरा. घरचा, पाठवण्याआधी खोडणे. मुलीने पाठवलेला फोटो, वर्णन नाही. अडतं कोणाचं : माझं. गांभीर्य : किरकोळ. शेरा : ती कामात असते. पुन्हा विचारू नये.”

तिचा हात सवयीने माऊसकडे गेला. तिथली जागा रिकामी होती. डबा शेजारीच होता, झाकण घट्ट. तिने तो उघडला नाही. डोळे मिटून एकेक कळ दाबत, दोनदा वाट चुकत, ती फोटोपर्यंत पोचली.

“चित्र. वर्णन नाही.”

“बाबा,” ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, “मी सहा वर्षांची आहे. तुमच्या टेबलावर, मुद्रितांच्या गठ्ठ्यावर बसलेय. पुढचे दोन दात पडलेत. मी कॅमेऱ्याकडे बघतेय, तुम्ही नाही.”

श्वास संपला. तिने दुसरा घेतला.

“तुम्ही माझ्याकडे बघताय.”