सोळाव्या रांगेतला पोपट

"हे तुला खरं वाटणार नाही," मामांनी फोन कानाला लावल्या लावल्या सांगून टाकलं. "तुलाच काय, कोणालाच वाटणार नाही. मला स्वतःला अजून वाटत नाहीये. पण घडलं ते घडलं, त्याला माझा इलाज नव्हता."

पलीकडून लेक एवढंच म्हणाली, "हं, बोला."

हे 'हं, बोला' मामांना आवडलं नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला थाप मारायला सोपं जातं, कारण तो स्वतःच्या रागात अर्धी ऐकतो. शांत माणूस सगळी ऐकतो.

मामा म्हणजे काही कोणाचे सख्खे मामा नव्हेत. विमानतळावर त्यांना सगळेच मामा म्हणत. झाडणाऱ्या बाईपासून वैमानिकापर्यंत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. प्रवासी चढायच्या आधी रिकाम्या विमानात जायचं आणि तिथे नको ते काही नाही याची खात्री करायची. प्रत्येक सीटच्या खिशात हात घालायचा, सीटखालचं लाइफ जॅकेट चाचपायचं, वरचे कप्पे उघडून काठीला लावलेला आरसा आतून फिरवायचा, संडासातला कचऱ्याचा डबासुद्धा सोडायचा नाही. जोडीनं करायचं काम. एकानं पुढून सुरुवात करायची, दुसऱ्यानं मागून. सोळाव्या रांगेच्या आसपास दोघे समोरासमोर आले की एक म्हणे, "माझ्याकडे काही नाही," आणि दुसरा म्हणे, "माझ्याकडेही नाही." मग सही, मग शिडी, मग पुढचं विमान. हे बोलणं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, पण ते झाल्याशिवाय कोणी शिडीवर पाय ठेवत नसे.

इतक्या विमानांत चढूनही मामा आयुष्यात एकदासुद्धा उडाले नव्हते. इंजिन सुरू व्हायच्या आत ते नेहमीच खाली.

दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि लेकीनं त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावलं. पहिल्या तिकिटाच्या वेळी मामांची कंबर धरली. दुसऱ्या वेळी घरातला नळ फुटला. तिसरं तिकीट पाठवताना लेक म्हणाली होती, "बाबा, खोली रंगवून झालीये. या वेळी आला नाहीत तर तुम्हाला यायचंच नाही असं समजेन. मी परत विचारणार नाही." ती बोलल्याप्रमाणे करणारी होती, आईवर गेलेली. आणि आज ते तिसरं विमान मामांना न घेताच गेलं होतं. त्यामुळे आता कंबर आणि नळ यांच्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी हवं होतं.

"तर मी जागेवर बसलो," मामा म्हणाले. "सोळावी रांग, खिडकी. पट्टा बांधला. शेजारच्या बाईंनी लिमलेटची गोळी दिली. एवढ्यात काय झालं, वरून आवाज आला."

"कसला आवाज?"

"माझाच."

"तुमचा?"

"अगं, माझाच आवाज. अस्सल. 'माझ्याकडे काही नाही.' मी वर बघतोय, बाई वर बघतायत, सगळी रांग वर बघतेय. पुन्हा, 'माझ्याकडे काही नाही.' मी उठलो, कप्पा उघडला, मागची पट्टी बोटानं जरा सरकवली, आणि आत कोण? पोपट."

"पोपट."

"हिरवागार. छान गुबगुबीत. बिस्किटांच्या चुऱ्यावर जगलेला. किती वर्षं तिथे राहत होता देव जाणे. मी रोज खाली उभा राहून जे म्हणायचो ते यानं पाठ केलेलं. एका अक्षराचा फरक नाही, माझा खोकलासुद्धा घेतलेला."

"पण बाबा, रोज तर वेगळं विमान असायचं ना तुम्हाला?"

"तोही बदली घेत असेल. हुशार जात."

लेक हसली नाही, पण तिनं श्वास जरा जोरात सोडला. मामांनी तो हसण्यात जमा केला आणि गाडी पुढे दामटली. कॅप्टन स्वतः केबिनबाहेर आला. त्यानं मामांना सॅल्यूट ठोकला. पोपटानं कॅप्टनला तीन भाषांत पट्टा बांधायला सांगितलं. एक जाडे गृहस्थ घाबरून आपल्याच सीटखालचं लाइफ जॅकेट अंगात घालून बसले आणि बाहेर काढताना ते फुगलं, मग त्यांना आणि जॅकेटला वेगळं करायला चार माणसं लागली. मामा बोलत होते आणि त्यांची नजर समोरच्या काचेवर होती.

काचेपलीकडे विमानांची जागा होती. कारण मामा बसले होते ते सात नंबरच्या दाराजवळच्या खुर्चीवर, गेले दोन तास आणि चाळीस मिनिटं. पायांशी हातातली छोटी बॅग. शर्टाच्या खिशात बोर्डिंग पास, अख्खा, कोणी न फाडलेला.

आता खरं काय घडलं ते सांगायला फार वेळ लागत नाही. मामा वेळेच्या बरेच आधी आले. रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे सहाच माणसं होती. दार अजून उघडायचं होतं, तेवढ्यात त्यांना काचेतून शिडीवरून उतरणारी झडतीची जोडी दिसली, नवी पोरं, एक उंच आणि एक चष्मेवाली. उंचानं काहीतरी म्हटलं, चष्मेवालीनं मान हलवली, तिनं कागदावर सही केली. विमान मोकळं. आत काहीही नाही. आणि मामांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

त्याचं असं होतं. बायको गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मामा सकाळी घराबाहेर पडण्याआधी घराचीही झडती घेत. गॅस, नळ, खिडक्या, गच्चीचं दार. दारापासून सुरुवात करून स्वयंपाकघरापर्यंत जात आणि ओट्याशी थांबून सवयीनं म्हणत, "माझ्याकडे काही नाही." ती असताना मागच्या बाजूनं यायची, कपडे वाळत घालून, ओले हात पुसत, आणि नवऱ्याची टर उडवायला म्हणायची, "माझ्याकडेही नाही, साहेब." आता पलीकडून कोणी येत नव्हतं. तरी मामा तिथे थोडं थांबत. दहा-बारा सेकंद. एवढ्या वेळात कोणीही मागच्या रांगेतून येऊ शकतं.

हे घर सोडलं तर ओट्याशी थांबणार कोण? आणि लेकीच्या घरात, रंगवलेल्या खोलीत, ते स्वतः कोण? एकतीस वर्षं मामांनी सीटखाली राहिलेल्या वस्तू उचलल्या होत्या: एकटा मोजा, चष्म्याची काडी, अर्धं सोडवलेलं कोडं, एकदा तर दातांची कवळी. प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न असायचा, ही कोणाची आणि हिचं आता करायचं काय. आपल्याकडे बघून लेक-जावयांच्या तोंडावर तो प्रश्न उमटला तर? जावई भला माणूस होता, त्यानं तो लपवला असता. तेच मामांना नको होतं.

म्हणून ते रांगेतून बाजूला झाले, एका बाईला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, माझं जरा काहीतरी विसरलंय," आणि खुर्चीवर बसले. त्यांचं नाव माइकवर तीनदा पुकारलं गेलं. तिन्ही वेळा त्यांनी बुटाची नाडी बांधली.

"बरं, मग पोपटाचं काय?" लेकीनं विचारलं.

मामा सावरून बसले. प्रश्न आला म्हणजे मासा गळाला लागला. "तेच सांगतोय. आमच्यात पद्धत अशी की ज्याला वस्तू सापडली त्यानंच ती घेऊन खाली जायचं आणि स्वतःच्या हातानं अहवाल लिहायचा. दुसऱ्याला चालत नाही. मी म्हटलं, अहो, मी आता निवृत्त, मला लेकीकडे जायचंय, ती तिकडे वाट बघत उभी असेल. कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नियम तो नियम. मी पोपट हातावर घेतला, उतरलो. अख्खं विमान टाळ्या वाजवत होतं. शेजारच्या बाईंनी उरलेल्या गोळ्या दिल्या. मी शिडीच्या खाली पाय ठेवतो न ठेवतो तोच दार बंद, आणि विमान भुर्रकन निघून गेलं. आता बोल, यात माझी काही चूक?"

"अहवाल लिहिलात?"

"चार पानी."

"आणि तो?"

"कोण?"

"पोपट, बाबा."

"आहे की. इथेच आहे, बाजूच्या खुर्चीवर. शेंगदाणे खातोय."

"बोलवा त्याला फोनवर."

मामांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "आता झोपलाय गं. दमला बिचारा."

मामांनी फोन कानाशी घट्ट दाबला. तेव्हा त्यांना पलीकडचं पहिल्यांदा नीट ऐकू आलं: सामानगाड्यांची चाकं, कोणाचं तरी रडणारं मूल, आणि छतातून येणारा एका बाईचा आवाज, जो कोणतंतरी विमान उशिरा येणार असल्याचं सांगत होता. म्हणजे ती घरी गेलेली नव्हती. विमान रिकामं होऊन बराच वेळ झाला होता, जाळीबाहेरची गर्दी पांगली असणार, आणि ती अजून तिथेच उभी होती.

"तू अजून बाहेरच आहेस?" मामा म्हणाले.

"मग कुठे जाऊ? पाचला आणखी एक विमान आहे तिकडून, त्याचं मी नंतर बघते. आधी एक सांगा. मी चौथीत असताना माझ्या नाटकाला तुम्ही आला नव्हतात. का, आठवतंय?"

"कामावर होतो."

"कामावर कशामुळे अडकलात ते सांगितलं होतंत. जागेवर बसलेला एक माणूस उतरून गेला म्हणून. असा एक जरी उतरला तरी सगळ्यांना खाली घेतात, सगळं सामान बाहेर काढतात, आणि तुमची झडती पुन्हा पहिल्या रांगेपासून. दीड-दोन तास कुठे जात नाहीत. मी रडत होते आणि तुम्ही मला हे सगळं बोटांवर मोजून समजावलं होतंत."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. काही उपयोग झाला नाही.

"तुमचं विमान इथे वेळेच्या दहा मिनिटं आधी उतरलंय, बाबा," लेक म्हणाली. "तुम्ही त्यात चढलाच नाहीत."