सात पानांचा गुलाब

आमच्या गुलाब मंडळात स्वतःच्या झाडावर स्वतः कात्री चालवायची नाही, असा नियम आहे. पावसाळा सरला की छाटणी करायची असते, आणि नेमकी तेव्हाच मालकाला दया येते. ही फांदी राहू दे, ती जरा हिरवी वाटते, असं करत करत तो सगळं वाळकं लाकूड सांभाळत बसतो. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. ज्याच्या हाती ज्याची चिठ्ठी येईल त्यानं त्याच्या घरी जायचं, झाडं छाटायची आणि चहा घेऊन निघायचं.

या चहाची मी वर्षभर वाट बघते. स्पष्टच सांगते, आडपडदा कशाला? ताई गेल्यापासून माझ्या दाराची बेल वाजवतात ते दूधवाला आणि मीटर बघणारा, आणि दोघंही पायरीवरूनच वळतात. खत वाटपाला, प्रदर्शनाला मी जाते, पण तिथं सगळ्यांचं लक्ष फुलांकडे. छाटणीच्या दिवशी मात्र कुणीतरी आत येऊन ताईच्या खुर्चीत बसतं.

अडचण एवढीच, की माझ्याकडे छाटायला गुलाबच उरलेला नाही. खिडकीखालचा ताईचा केशरी गुलाब शेंड्याकडून वाळत वाळत गेला. वरचं कलम मेलं, खालचा रानटी खुंट तेवढा जगला आणि त्याला दांडगे फुटवे आले. फूल येतं ते शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं, तेही वर्षातून एकदाच. मंडळातलं कुणी असला फुटवा क्षणभर ठेवणार नाही. मी ठेवलाय. त्याला पाणी घालते, आणि छाटणीच्या आदल्या दिवशी त्याची सगळी पानं ओरबाडून टाकते. कारण आमच्या कलमी गुलाबांच्या एकेका पानात पाच छोटी पानं असतात, या रानट्याच्या सात.

यंदा दातांचे डॉक्टर आले. पेशंट बिचारे तोंड उघडून गप्प पडलेले असतात, त्यामुळे या माणसाला एकट्यानंच बोलायची सवय. फाटकापासून त्यांची टकळी सुरू होती. झाडापाशी बसले आणि एकदम गप्प झाले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मागच्या बाजूला माझ्या हातून एक पान राहून गेलं होतं. त्यांनी ते खुडलं, निरखलं आणि हळूच खिशात टाकलं. मग एखाद्या बक्षीसपात्र गुलाबाला द्यावा तसा जपून तिरका काप दिला आणि कापलेल्या जागी लेप लावायला घेतला.

मी गॅस बंद करून बाहेर गेले.

"खिशात काय टाकलंत?"

"कुठं काय, बाई?"

"डॉक्टर, मी जन्मभर पोरींना शिवण शिकवलंय. कुणी काय लपवलं ते मला लांबून कळतं."

त्यांनी पान काढून तळहातावर ठेवलं.

"सात आहेत," मी म्हटलं. "मग बुडापासून कापा ना! लेप कसले लावताय?"

त्यांचे कान लाल झाले. "गेल्या वर्षी मंडळाच्या चिटणीसबाई छाटणीला येऊन गेल्या ना तुमच्याकडे, तेव्हाच कळलं आम्हाला."

आम्हाला. म्हणजे मला सोडून सगळ्यांचं बोलणं झालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाळक्या लाकडाची दया नको म्हणून ज्यांनी नियम केला, तेच माझ्यावर दया करत होते, आणि मी मूर्ख पानं ओरबाडत बसले होते. मी त्यांच्या हातातली कात्री ओढून घेतली आणि फांदीच्या बुडाशी लावली.

"कापा, तुमचं झाड आहे," ते म्हणाले. "फक्त मग पुढच्या वर्षी तुमची चिठ्ठी टाकता येणार नाही. झाडच नसेल तर आम्ही यायचं कोणत्या निमित्तानं?"

वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. बोलून गेले आणि स्वतःच खाली बघायला लागले. 'असंच या की कधी चहाला,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते हो म्हणाले असते, आणि आले नसते. मला फार एकटं वाटलं, माणूस समोर उभा असतानाही.

मी कात्री परत दिली.

"त्या जाड फांदीला लेप नीट लागलेला नाही," मी म्हटलं. "लावा, नाहीतर सुकेल ती."

आणि चहा टाकायला आत गेले.