परतीचा गाळा

राहनाळच्या गोदामात निशा आवक-जावकीचे आकडे सांभाळायची. संख्याशास्त्र शिकलेली, माणसांपेक्षा आकड्यांवर तिचा भरवसा जास्त. नारपोलीत एका खोलीत एकटी राहायची, आणि तिच्या सबंध आठवड्यात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं: मेघाली.

मेघाली कॉलेजातली मैत्रीण, आता नवऱ्याच्या नोकरीपायी जोरहाटला. फोनवर दोघींचे शब्द दोन मिनिटांत संपायचे. पण रविवारी दहाला दोघी हातातल्या गेमच्या यंत्रावर एकाच होडीत बसायच्या आणि मासे धरता धरता तासभर बोलायच्या. गळ पाण्यात पडला की तोंड आपसूक उघडायचं.

गेल्या महिन्यात मेघालीचं यंत्र पडून फुटलं.

"नवं घेऊ का गं? की कंपनी हे मॉडेल गुंडाळतेय? मग आपली होडीपण बुडणार ना?"

होडी कंपनीच्या सर्व्हरवर होती. निशानं आकडे काढले. ही यंत्रं तिच्याच गोदामातून दुकानांत जायची. एप्रिल ते जून चार हजार, पुढच्या तिमाहीत सात हजार.

"खप चढतोय बाई. चढत्या मालाला कंपनी सोडत नाही. घे."

"पगार झाला की घेते."

शुक्रवारी चहाच्या वेळी परत आलेल्या मालाच्या गाळ्यावरचे अनंताकाका डोकावले. खारबावचे, साठीला आलेले.

"निशाताई, ती गेमची खोकी ठेवाया माज्याकडं जागा न्हाय. तुमच्या गाल्यात घ्या थोडी."

"काका, तो माल तर गेलाय."

"गेलाय आन् आलाय. माहेरवाशीण हाय ती!"

निशा मागोमाग गेली. खोकी पत्र्याला टेकली होती. तिनं रांगा दोनदा मोजल्या. पाच हजार आठशे.

इथं माल गेटबाहेर पडला की 'गेला' लिहीत. तिमाही संपताना गोदामाचा मालक तो दुकानदारांच्या गळ्यात मारायचा, न खपलेला मुकाट परत घ्यायचा. परतीचं रजिस्टर निराळं, ठेकेदार निराळा. दोन आकडे एकमेकांना भेटतच नसत. निशाला अकरा वर्षं हे ठाऊक होतं. वजाबाकी ती विसरली नव्हती; तिला ती करायची नव्हती.

सात हजारांतून पाच हजार आठशे गेले, खपली बाराशे.

"कंपनीला कळलंय?"

"त्यांचा मानूस कालच मोजून गेला. बोलला, नवा माल येनार न्हाय."

खोलीवर येऊन ती फोन हातात धरून बसली. सर्व्हर काही लगेच बंद होत नाहीत. वर्षभर तरी चालले असते. बावन्न रविवार. तिनं फोन लावला.

"घेतलंस?"

"उद्या जातेय दुकानात."

"नको घेऊस. मी चुकीचं सांगितलं. बाराशेच खपलीत. वर्षभरात बंद करतील."

मेघाली म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलंस! आणि खरं सांगू, रविवारी लेकाचा पोहण्याचा क्लासही आहे आता. आपण फोन करत जाऊ की."

"हो, करू."

"जेवलीस?"

"जेवले."

दोन मिनिटं झाली होती.

रविवारी दहाला निशानं यंत्र सुरू केलं. होडी काठाला बांधलेली होती. वल्हवायला दोघी लागत. एकटीला ती जागची हलत नसे. निशानं दोरी तशीच राहू दिली आणि काठावर बसून गळ टाकला.